आभासी समारंभास हजर राहताना

आपल्या नगर जिल्ह्यात, शासनदप्तरी आता अहिल्यानगर म्हणून नोंदल्या गेलेल्या या विस्तीर्ण मुलखात, माणसाच्या आयुष्याचा केवढा तरी भाग सभासमारंभांस हजर राहण्यात जातो. ज्या भूमीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमांनी 1950 साली प्रवरेच्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या भूमीतील शेतकऱ्यास वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे काय आणि मंडपातून उठणाऱ्या 'मंजूर, मंजूर' या घोषाचे मोल काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. आणि लग्न असो, जागरण-गोंधळ असो की दशक्रियाविधी असो, गावच्या शिरस्त्याप्रमाणे घरटी एक माणूस तरी गेलेच पाहिजे, ही जाणीव येथे लहान मुलासही असते. जाणे, चारचौघांत बसणे आणि आपण आलो आहोत हे यजमानाच्या दृष्टीस पडणे, या तिन्ही गोष्टी मिळून आपल्याकडे हजेरी पुरी होते. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी 'येऊन गेले म्हणतात, पण दिसले नाहीत' असा शेरा मागे राहतो.

या हजेरीच्या कल्पनेस पहिला मोठा धक्का 2020 साली बसला. त्या वर्षी एप्रिल आणि मे महिन्यांत केंद्रीय कंपनी कामकाज मंत्रालयाने परिपत्रके काढून कंपन्यांना दृक्श्राव्य साधनांनी सभा भरविण्याची मुभा दिली, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभाही महामारीच्या काळात पडद्यावर भरल्या, आणि ज्या सभासदांनी आजवर मंडपातील खुर्ची सोडली नव्हती त्यांनी ओसरीवर बसून हातातल्या फोनवर अध्यक्षांचे भाषण ऐकले. त्या सभा सोयीच्या होत्या; परंतु शेजारी कोण बसले आहे हे तेथे कळत नव्हते, आणि सभा संपल्यावर चहाच्या पेल्याभोवती जी खरी मसलत होते तिला जागाच नव्हती. गेल्या काही वर्षांत त्यापुढची पायरी आली आहे. डोळ्यांवर यंत्र चढवून ज्या दालनात आपण प्रत्यक्ष उभे आहोत असे वाटते, तेथील समारंभांची आमंत्रणे परदेशी गेलेल्या मुलाबाळांकडून, कधी यंत्रसामग्री विकणाऱ्या कंपन्यांकडून, आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत येऊ लागली आहेत. अशा काही समारंभांस मी हजर राहिलो आहे, आणि त्या अनुभवातून एकच गोष्ट मनावर ठसली आहे ती ही की, हे पाहणे नसून जाणे आहे, आणि परगावी जाताना माणूस जी तयारी करतो ती सारी येथेही करावी लागते.

पाहणे आणि जाणे यांतील तफावत समजावून घेण्यास आपल्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशास, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले, आणि ती गीता धृतराष्ट्रास ऐकविणारा संजय दूरचे युद्ध दिव्यदृष्टीने पाहत होता, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. दूरदर्शनाच्या कोणत्याही नव्या साधनास संजयाची उपमा देण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. परंतु संजयास रणांगण दिसत होते, रणांगणावरील कोणासही संजय दिसत नव्हता. आभासी दालनात आपण दिसतो. आपले डोके कोणत्या बाजूस वळले, हात कोठे गेला, कोणाच्या किती जवळ आपण उभे राहिलो, हे तेथील प्रत्येकास कळते, आणि म्हणूनच प्रेक्षकाची मोकळीक तेथे चालत नाही. या लेखात पुढे जे जे सांगितले आहे त्याचे मूळ या एका भेदात आहे.

यंत्राची कुळकथा थोडक्यात सांगतो. डोक्यावर धारण करावयाचे पहिले संगणकी दृष्टियंत्र अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी 1968 साली दाखविले. ते इतके अवजड होते की छतास टांगावे लागे. पुढे 1986 मध्ये लुकासफिल्म कंपनीने 'हॅबिटॅट' नावाचे एक संगणकी गाव वसविले व त्यात वावरणाऱ्या माणसाच्या प्रतिरूपास आपला 'अवतार' हा शब्द लावला, तो आता जगभर रूढ झाला आहे. 2003 साली 'सेकंड लाइफ' नावाचे तसेच एक आभासी जग आले. 2014 मध्ये फेसबुकने, म्हणजे आताच्या मेटा कंपनीने, ऑक्युलस ही दृष्टियंत्रांची कंपनी विकत घेतली. आणि 2020 च्या मार्चमध्ये अटलांटा येथे भरावयाची आभासी वास्तवविषयक विद्वानांची परिषद महामारीमुळे तेथे न भरता संगणकावरच भरली, तेव्हा तिच्या काही सभा मोझिलाच्या 'हब्ज' नामक आभासी दालनांत झाल्या. मात्र ही दालने पक्क्या बांधणीची नव्हेत, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. 'आल्टस्पेस' हे एके काळी गाजलेले दालन 2023 च्या मार्चमध्ये बंद झाले आणि मोझिलाने 'हब्ज'ची सेवा 2024 च्या मेअखेर थांबविली. म्हणून ज्या यजमानाने आमंत्रण धाडले त्यास दालनाचे नाव प्रथम विचारावे, तेथे खाते उघडावयाचे असल्यास ते आठवडाभर आधी उघडावे, आणि समारंभाची छायाचित्रे किंवा कागदपत्रे तेथेच ठेवून निर्धास्त राहू नये. स्वतःच्या संगणकात त्यांची प्रत उतरवून घ्यावी.

आमंत्रण आले म्हणजे ते स्वीकारावे की नाही, याचा विचार यंत्राच्या विचाराआधी करावा. आनंदाच्या प्रसंगास, म्हणजे साखरपुडा, बारसे, वाढदिवस, स्वागतसमारंभ अशा प्रसंगांस, आभासी दालन चांगले शोभते. तमिळनाडूतील एका जोडप्याने 2022 च्या फेब्रुवारीत आपला स्वागतसमारंभ अशाच दालनात केला, आणि वधूच्या दिवंगत वडिलांचे प्रतिरूप तेथे आशीर्वाद देण्यास उभे होते. ही शेवटची कल्पना कित्येकांस हृद्य वाटली. माझे स्वतःचे मत असे आहे की, गेलेल्या माणसाचे रूप असे उभे करण्यापूर्वी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची संमती घ्यावी, कारण दुःख ज्याचे अधिक जुने तो त्या दर्शनाने अधिक हलतो. परंतु या समारंभासंबंधी लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, तो स्वागतसमारंभ होता, विवाह नव्हे. ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे वधूवरांनी अग्नीसमक्ष सातवे पाऊल टाकले म्हणजे पूर्ण होतो, आणि ते पाऊल या भूमीवरच टाकावे लागते. सांत्वनासाठी मात्र आभासी दालनात जाण्याच्या मी सर्वस्वी विरुद्ध आहे. दारवठ्यातून आत जाऊन न बोलता बसणे हेच जेथे कर्तव्य, तेथे प्रतिरूपाच्या चित्रित चेहऱ्याचा काय उपयोग? अशा वेळी जातीने जावे, आणि ते अशक्य असेल तर साधा फोन करावा.

व्यवहाराच्या आमंत्रणाचा निर्णय माल पाहून करावा. सुप्याच्या किंवा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखानदारास परदेशी यंत्र घ्यावयाचे असेल, तर ते यंत्र पूर्ण आकारात आपल्याभोवती उभे आहे, त्याचे दार कोणत्या अंगास उघडते, कारागिराचा हात तेथवर पोहोचेल की नाही, आपल्या शेडच्या उंचीत ते मावेल की नाही, हे सारे आभासी दालनात छापील माहितीपत्रकापेक्षा किती तरी अधिक चांगले कळते. मीटर आणि मिलिमीटर वाचून जे डोळ्यांसमोर उभे राहत नाही ते तेथे अंगावर येऊन उभे राहते. पण यंत्राचा आवाज, कंपन, तेलाचा वास, कापलेल्या धातूची सफाई यांची परीक्षा तेथे होत नाही. त्यासाठी चालू यंत्र पाहण्याची अट करारात घालावी. आणि ज्या मालाची परीक्षा हाताने होते त्याचा सौदा तेथे करूच नये. नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात कांद्याचा ढीग समोर ओतल्यावर व्यापारी चार कांदे उचलून मुठीत दाबतो, पत्ती पाहतो, आणि मगच भाव बोलतो. त्या दाबण्यास अद्याप कोणतेही यंत्र पर्याय झालेले नाही.

संस्थेची किंवा कंपनीची औपचारिक सभा असेल, तर सूचनापत्र शब्दशः वाचावे. कोणत्या साधनाने उपस्थित राहिल्यास हजेरी धरली जाईल, हे त्यात लिहिलेले असते, आणि त्यात आभासी दालनाचा उल्लेख नसेल तर तेथील आपली उपस्थिती गणपूर्तीस किंवा मतदानास धरली जाईल, असे गृहीत धरून चालू नये. संचालक मंडळाच्या दूरस्थ सभांसंबंधी 2014 चे जे नियम आहेत त्यांतील एक शिरस्ता मात्र मला इतका उत्तम वाटतो की, कायद्याने बंधन नसले तरीही प्रत्येक व्यवहारी बैठकीत तो पाळावा. सभेच्या आरंभी प्रत्येक संचालकाने आपले नाव सांगावे, आपण कोणत्या ठिकाणाहून हजर आहोत ते सांगावे, विषयपत्रिका व कागद आपणास पोहोचले आहेत हे सांगावे, आणि आपल्या जागी अन्य कोणी ऐकत नाही याची ग्वाही द्यावी. प्रतिरूप कोणीही धारण करू शकतो आणि आवाजही हल्ली बनविता येतो, तेव्हा ज्याच्याशी प्रथमच गाठ पडत आहे अशा माणसाची ओळख आधीपासून ठाऊक असलेल्या फोन क्रमांकावर पडताळून घ्यावी. दालनात असताना कोणी पैसे मागितले, आहेरासाठी म्हणून एखादे चिन्ह टिपावयास सांगितले, अथवा फोनवर आलेला गुप्त क्रमांक विचारला, तर नम्रपणे नकार द्यावा. लग्नघरच्या ओळखीने फसविण्याचा धंदा जुना आहे, त्यास हे नवे अंगण मिळाले आहे.

वेळेसंबंधीचा घोटाळा फार होतो, म्हणून तो वेगळा सांगतो. न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीतील नातेवाइकांचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळे तासभर पुढे नेतात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तशीच ठेवतात, तेव्हा त्या काळात अंतर साडेनऊ तासांचे होते. त्यांच्या शनिवारी सकाळी दहाचा समारंभ आपल्याकडे कधी शनिवारी रात्री साडेआठला पडतो, कधी साडेसातला. आमंत्रणात भारतीय वेळ आणि वार दोन्ही लिहून मागावे. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी यंत्र डोक्यावर चढवून दालनाच्या दारापर्यंत जाऊन पाहावे, कारण ही यंत्रे ऐन वेळी नवी आवृत्ती उतरवून घेण्यास बसतात आणि मुहूर्त त्यांच्यासाठी थांबत नाही.

वीज आणि जोडणी यांचा बंदोबस्त आपल्या भागात विशेष काळजीने करावा लागतो. बहुतेक यंत्रांची बॅटरी सुमारे दोन तास चालते. ती आदल्या रात्री पूर्ण भरून ठेवावी. घरात इन्व्हर्टर असेल तर इंटरनेटचे राउटर त्यावर घ्यावे, कारण वीज गेल्यावर यंत्र चालू राहिले तरी राउटर बंद पडून आपण दालनातून अकस्मात अंतर्धान पावतो, आणि बोलता बोलता नाहीसा झालेला पाहुणा यजमानास चिंतेत टाकतो. वस्तीवर राहणाऱ्यांनी मोबाइलच्या जोडणीवर विसंबावयाचे असल्यास त्याच वेळी, त्याच खोलीत, एक-दोन दिवस आधी ती तपासावी. येथे वेगापेक्षा विलंब अधिक त्रास देतो. उत्तर क्षणभर उशिरा पोहोचले की दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. यंत्र स्वतःचे नसेल आणि एका समारंभापुरते घेणे परवडत नसेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. पुष्कळ दालनांत साध्या संगणकावरून किंवा फोनवरूनही प्रवेश मिळतो. हात हलविण्याची सोय तेथे नसते, परंतु आपण दिसतो, ऐकतो आणि बोलतो, आणि पहिल्या खेपेस तेवढे पुरेसे असते.

आता शरीराची काळजी. आपल्यापैकी कित्येकांना चंदनापुरीच्या किंवा करंजीच्या घाटात एस.टी.त बसल्यावर गाडी लागते. बसमध्ये कानाच्या आतील समतोलाचे इंद्रिय 'आपण हलत आहोत' असे सांगते आणि समोरच्या आसनाच्या पाठीवर खिळलेले डोळे 'आपण स्थिर आहोत' असे सांगतात, आणि या दोन साक्षींच्या विरोधातून मळमळ उत्पन्न होते. आभासी दालनात साक्षी तेवढ्या उलटतात: डोळे चालतात, देह बसलेला असतो. म्हणून ज्यास गाडी लागते त्याने दालनात सरकत सरकत चालण्याची रीत बंद ठेवून एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम प्रकट होण्याची रीत निवडावी. ती सोय बहुतेक ठिकाणी असते. शक्य तर एकच आसन धरून बसावे. भरल्या पोटी किंवा निरंकार उपवासाने जाऊ नये. समोर टेबलपंखा लावून ठेवावा. वाऱ्याने जीव सुखावतो, आणि आपले तोंड खोलीच्या कोणत्या दिशेस आहे हे डोळे झाकलेले असतानाही त्वचेस कळत राहते. घाम फुटला, तोंडास पाणी सुटले, की तत्क्षणी यंत्र उतरवावे. जिद्दीने बसून राहणाऱ्यास पुढचे काही तास आडवे पडावे लागते. प्रथम दिवशी पंधरा मिनिटे, मग अर्धा तास, अशी सवय समारंभाच्या आधी आठवडाभर करावी. ज्यांना फेफरे येण्याची व्याधी आहे त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून हे यंत्र लावूच नये. मुलांच्या बाबतीत, मेटा कंपनीने पूर्वीची 13 वर्षांची मर्यादा 2023 मध्ये पालकांच्या देखरेखीखालील खात्यांपुरती 10 वर आणली आहे. त्याहून लहान मुलास कौतुकाने यंत्र चढवू नये.

यंत्राचे वजन सुमारे अर्धा किलो असते आणि ते सारे चेहऱ्यावर आले तर मान अवघडते. मागचा पट्टा डोक्याच्या उतारावर खाली बसवून वजन कवटीवर घ्यावे. चष्मा असणाऱ्यांनी भिंग आणि चष्मा यांमध्ये अंतर राखणारी चौकट लावावी, नाही तर दोहोंवर ओरखडे उठतात. दोन बुबुळांमधील अंतर प्रौढांत सरासरी 63 मिलिमीटर असते, पण माणसागणिक ते बदलते. चष्म्याच्या दुकानात ते मोजून घेऊन यंत्रात तितकेच लावले, तर धूसरपणाची आणि डोकेदुखीची निम्मी तक्रार मिटते. उभे राहून वावरावयाचे असेल तर निदान दोन मीटर लांब आणि तितकीच रुंद अशी मोकळी जागा हवी. जुन्या वाड्यात उंबरा, ओसरीची पायरी, खांब आणि कोनाड्याची कड यांची आठवण ठेवावी. आधुनिक घरांत छताचा पंखा हा मोठा धोका आहे. यजमानास दूरून हात उंचावून हाक देण्याची आपली सवय असते, आणि बुटक्या खोलीत तो हात थेट पात्यापर्यंत जातो. उभे राहावयाचे असेल तर छताचा पंखा बंदच ठेवावा. घरातील मंडळींना आधी सांगून ठेवावे, आणि मागून येऊन अंगास हात लावण्याऐवजी प्रथम नावाने हाक मारण्याची ताकीद द्यावी.

प्रतिरूप निवडताना तरुणांना मौज वाटते आणि ती योग्य ठिकाणी अवश्य करावी. पण व्यवहाराच्या बैठकीस आणि आप्तांच्या मंगलप्रसंगी शक्य तितके स्वतःसारखे दिसावे. केस पिकलेले असतील तर ते पिकलेलेच ठेवावेत, चष्मा असेल तर तो ठेवावा. मस्तकावर तरंगणाऱ्या नावाच्या पट्टीत टोपणनावाऐवजी पूर्ण नाव आणि जमल्यास गावाचे नाव घालावे, कारण पन्नास वर्षांनी भेटणारा शाळासोबती त्या चित्रित चेहऱ्यावरून आपणास ओळखणार नाही. 'अकोले' किंवा 'जामखेड' हा शब्द वाचला की तो थबकतो. आमच्या एका कौटुंबिक समारंभात, ज्यांची एकमेकांशी तीस वर्षे गाठ नव्हती असे दोन चुलतभाऊ केवळ त्या गावाच्या नावावरून एकत्र आले आणि पुढचा तासभर दालनाच्या एका कोपऱ्यात विहिरीवरच्या मोटेच्या आठवणी काढीत उभे होते.

बोलण्याची आणि वागण्याची रीत येथे पडद्यावरील सभेहून अगदी भिन्न आहे. बहुतेक दालनांत आवाज अंतराने कमी होतो, म्हणून दोघांशी बोलावयाचे तर त्यांच्यापाशी जाऊन उभे राहावे लागते, आणि कुजबुज करावयाची तर बाजूला जावे लागते. आपल्या लग्नमंडपात हेच चालते, तेव्हा ही रीत आपणास लवकर साधते. साधत नाही ती अंतराची मर्यादा. आपल्याला गर्दीची सवय आहे, आणि कोणाच्या प्रतिरूपातून आरपार जाणे हा धक्का नव्हे अशी नवख्याची समजूत असते. परंतु ज्याच्या अंगातून आपण गेलो त्यास ते खरोखरीच अंगावर आल्यासारखे जाणवते. स्त्रियांना अशा दालनांत त्रास झाल्याच्या तक्रारी आल्यानंतर मेटाने 2022 च्या फेब्रुवारीत आपल्या दालनांत दोन प्रतिरूपांमध्ये सुमारे चार फूट अंतर राखणारी मर्यादारेषा घातली. अशी सोय जेथे असेल तेथे ती चालू ठेवावी, आपल्या लेकीसुनांना ती आधी दाखवून द्यावी, आणि त्रास देणाऱ्याचा आवाज व रूप आपल्यापुरते बंद कसे करावे हेही त्यांच्या हाती ठेवावे. भाषण चालू असताना आपला ध्वनिमार्ग बंद ठेवणे, बोलावयाचे तर हात वर करणे, आणि निघताना न सांगता नाहीसे न होता यजमानाचा निरोप घेणे, हे शिष्टाचार सांगावयास नकोत.

नमस्काराविषयी मात्र सांगितले पाहिजे. हातात काही न धरता केवळ पंजे ओळखणाऱ्या यंत्रांत, दोन्ही तळवे जोडले की एक हात दुसऱ्याआड जातो, यंत्राच्या कॅमेऱ्यास तो दिसेनासा होतो, आणि आपल्या प्रतिरूपाचे हात वेडेवाकडे उडू लागतात किंवा गळून पडतात. जगाच्या ज्या भागात ही यंत्रे घडली तेथे हस्तांदोलनाचा आणि हात हलविण्याचा विचार प्रथम झाला असणार. तेव्हा वडीलधाऱ्यांस नमस्कार करताना तळव्यांमध्ये चारेक बोटांचे अंतर ठेवून हात छातीपाशी आणावेत व मान लववावी. समोरच्यास तो नीट जोडलेला नमस्कारच दिसतो. हातात नियंत्रक धरले असतील तर ते शेजारी शेजारी आणावेत, एकमेकांवर आपटू नयेत.

घरात वृद्ध माणसे असतील तर त्यांच्यासाठी थोडा निराळा विचार करावा. यंत्रात दिसणारे दृश्य घरच्या दूरचित्रवाणी संचावर दाखविण्याची सोय असते. घरटी एका माणसाने यंत्र लावून दालनात जावे आणि बाकीच्या मंडळींनी त्याच्या डोळ्यांनी संचावर समारंभ पाहावा, ही व्यवस्था मला सर्वांत सुखाची वाटते, कारण तीत जुन्या शिरस्त्याचे मर्म तसेच राहते. आजीलाच दालनात न्यावयाचे असेल, तर तिला दोन्ही बाजूंस हात असलेल्या खुर्चीत बसवावे, यंत्र चढविण्यापूर्वी आत काय दिसेल ते सांगावे, यंत्र चढवून झाल्यावर तिचा एक हात शेवटपर्यंत आपल्या हातात धरावा, आणि दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आणावे. समुद्रापार असलेल्या नातवाचे प्रतिरूप समोर आले की ती त्याच्या तोंडावरून हात फिरविण्यास पुढे वाकते. त्या वाकण्याची आधीपासून अपेक्षा ठेवावी व खुर्ची घट्ट धरावी.

आपल्या हालचालींची नोंद होत असते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या आभासी खेळातील नोंदी तपासल्या, तेव्हा केवळ डोके व हात यांच्या शंभर सेकंदांच्या हालचालींवरून त्यातील नेमका मनुष्य कोण हे शंभरात चौऱ्याण्णव वेळा ओळखता आले. म्हणजे नाव लपविले, चेहरा बदलला, तरी मान वळविण्याची लकब आपला दाखला देते. भारतात 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि संमती हा त्याचा पाया आहे; तेव्हा खाते उघडताना समोर येणारे प्रत्येक संमतीपत्र वाचावे, डोळ्यांच्या व चेहऱ्याच्या नोंदीची परवानगी अत्यावश्यक नसेल तर नाकारावी, आणि व्यवहाराच्या बैठकीत ध्वनिचित्रमुद्रण होत आहे काय हे आरंभीच विचारावे. यजमान आपण असू तर हेच आपण पाहुण्यांस न विचारता सांगावे.

समारंभ संपल्यावर यंत्र उतरवून काही वेळ स्वस्थ बसावे, पाणी प्यावे, आणि डोके पूर्ण स्थिर वाटेपर्यंत मोटारसायकलला किक मारू नये. चेहऱ्यास टेकणारी गादी घामाने ओली झालेली असते. ती पुसून वाळवावी, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चढविण्यापूर्वी अवश्य स्वच्छ करावी. भिंगे कोरड्या मऊ कापडानेच पुसावीत. बैठक व्यवहाराची असेल तर काय ठरले ते त्याच दिवशी लिहून दुसऱ्या पक्षास धाडावे, कारण दालनात ऐकलेले शब्द स्वप्नातल्या शब्दांसारखे लवकर पुसट होतात. समारंभ घरचा असेल तर दुसऱ्या दिवशी यजमानास फोन करून जेवणावळ कशी झाली, थकवा गेला का, याची विचारपूस करावी, आणि कोण कोण भेटले त्याची हकीकत घरी सर्वांस सांगावी. यंत्र मात्र खिडकीपाशी ठेवू नये. भिंगांतून शिरलेले ऊन आतील पडद्यावर एकवटून थोड्या वेळात कायमचा डाग पाडते, आणि आपल्या भागातले चैत्र-वैशाखाचे ऊन त्यासाठी फार वेळ घेत नाही. झाकण लावून, फडक्यात गुंडाळून ते कपाटात ठेवावे.